गावाला नको असलेलं लग्न: आधी कोणता कागद, मग कोणता

गावातल्या मना केलेल्या प्रेमावरच्या जुन्या कादंबऱ्यांत सगळं सापडतं. जत्रा असते, ओढ्याकाठची भेट असते, भावकीची बैठक असते आणि शेवटी विहीर असते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र कुठेच नसतो. लेखकाला त्याची गरजही नसते, कारण शेवट त्याने पहिल्या पानाआधीच ठरवलेला असतो.

बीड, जालना, परभणी, नांदेडकडून अशीच एखादी घटना पेपरात येते, तेव्हा आपणही ती कादंबरीसारखी वाचतो. जात वेगळी, घरचे विरोधात, मग दुसरं काय होणार होतं? हे ‘दुसरं काय होणार होतं’ मला पटत नाही. अशी प्रकरणं बहुधा पहिल्या पाच-सहा आठवड्यांत बिघडतात आणि ठरलेल्या जागीच बिघडतात. वयाचा कागद नसतो, नोटीस नको तिथे लागते, लग्न कायद्यात न बसणारं होतं, ठाण्यात मिसिंग दाखल होते आणि मग घरून गोड फोन येतो. या जागा आधी माहीत असल्या तर बरंच टळतं.

परवानगी कोणाची लागते?

मुलगी १८ वर्षांची आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असेल तर कोणाचीच नाही. आई-वडिलांची नाही, भावकीची नाही, सरपंचाची नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे वेगवेगळ्या निकालांत सांगितलं आहे. २००६ च्या लता सिंह प्रकरणात आंतरजातीय लग्न करणाऱ्या सज्ञान जोडप्याला कोणी त्रास देणार नाही हे पोलिसांनी पाहावं, असा आदेश झाला. २०१८ मध्ये हादिया प्रकरणात जोडीदार निवडण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असं न्यायालय म्हणालं. २०२१ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात तर स्पष्टच सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की कुटुंबाची, समाजाची संमती लागत नाही.

बाकीच्या अटी साध्या आहेत. दोघांपैकी कोणाचं आधीचं लग्न चालू नसावं, संमती स्वतःची असावी आणि नातं मनाई असलेल्यांतलं नसावं. ‘एकाच भावकीतले आहेत, चालत नाही’ हे गावात नेहमी ऐकू येतं. कायदा आडनाव किंवा गोत्र पाहत नाही, पिढ्या मोजतो. हिंदू विवाह कायद्यात वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांत मूळपुरुष एकच निघाला तर ते नातं सपिंड ठरतं आणि लग्न चालत नाही. मोजताना स्वतःची पिढी पहिली धरायची. रूढी असेल तर यातही सूट आहे. म्हणूनच मामाच्या मुलीशी होणारी लग्नं आपल्याकडे बिनबोभाट होतात, आणि चौदाव्या पिढीतल्या भावकीवरून मात्र डोकी फुटतात.

मुलगा १९-२० वर्षांचा असेल तर? लग्न करता येत नाही, पण दोघं सज्ञान असतील तर एकत्र राहता येतं. हेही सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये केरळच्या प्रकरणात सांगितलं आहे. मुलगी १८ च्या खाली असेल तर मात्र विषय तिथेच संपतो. तिची संमती पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, कायद्यात धरली जात नाही आणि मुलगा सरळ आरोपी होतो. एक महिना कमी असला तरी कमीच. अशा वेळी खरा सल्ला एकच: थांबा.

एक जूनला जन्मलेली पोरं

मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेचं जुनं दाखल रजिस्टर उघडून बघा. निम्म्या पानावर जन्मतारीख १ जून असते. पोरगं शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि पुढे १ जून लिहून टाकायचे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर जन्म एका जिल्ह्यात, नोंद भलतीकडेच आणि शाळा तिसऱ्याच गावात. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतली तारीख आणि शाळेतली तारीख यांत कधीकधी वर्षा-दोन वर्षांचा फरक निघतो.

लग्न झाल्यावर घरचे नेमका हाच फरक हातात घेऊन ठाण्यात जातात: ‘मुलगी अल्पवयीन आहे, फूस लावून पळवली.’ मग कोणता कागद खरा धरायचा? बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे आणि न्यायालयं वय ठरवताना सहसा तोच पाळतात. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हाडांच्या एक्स-रेवरून केलेली ही चाचणी अंदाजच सांगते, दोन्हीकडे वर्षा-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. आधार कार्ड या यादीत नाही. ओळखीला ते चालतं, वयाचा पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

मूळ टीसी बहुतेक वेळा घरच्या ट्रंकेत कुलपाआड असते. ती काढायला जाऊन भांडण ओढवून घेण्याची गरज नाही. शाळेतून दुसरी प्रत मिळते. दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र विभागीय मंडळाकडून मिळतं, मराठवाड्यासाठी ही मंडळं छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला आहेत. डिजिलॉकरवर आधी बघा, काम तिथेच होऊन जाईल. सगळ्यात आधी करायचं काम हेच. दोन्ही तारखा शेजारीशेजारी ठेवा आणि उशिराची तारीख धरूनही वय पूर्ण होतंय का ते मोजा. होत असेल तर पुढे जा.

कोर्ट मॅरेजच करावं लागतं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. जात वेगळी म्हणजे कोर्ट मॅरेज, असं लोक धरून चालतात. लोक ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतात ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात होतं, कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो. आणि वेगळ्या जातींच्या जोडप्याला त्याची गरज बहुधा नसतेच.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला जात ठाऊक नाही. हा कायदा हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, लिंगायतांचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे मराठा मुलगी आणि बौद्ध मुलगा, लिंगायत मुलगा आणि मातंग मुलगी, वंजारी आणि धनगर, सगळे याच कायद्यात बसतात. या कायद्यात आगाऊ नोटीस नाही, महिनाभराची वाट नाही. दोघांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाला की लग्न झालं. सप्तपदीची रूढी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं.

विशेष विवाह कायदा लागतो तो प्रामुख्याने दोन ठिकाणी. एक, धर्म वेगळे आहेत आणि कोणालाच धर्म बदलायचा नाही. दोन, एक जण अनुसूचित जमातीचा आहे. आदिवासींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. म्हणून किनवट, हिंगोलीकडच्या आंध, गोंड, कोलाम मुलामुलींच्या बाबतीत विशेष विवाह कायद्याचा रस्ता जास्त पक्का.

तीस दिवस आणि फळ्यावरची नोटीस

विशेष विवाह कायद्यात जावंच लागलं तर त्याचं गणित नीट समजून घ्या. दोघांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहतो आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. अधिकारी ती वहीत नोंदवतो आणि कार्यालयाच्या फळ्यावर लावतो. ३० दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही की लग्न करता येतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

गावातल्या माणसाला ही पद्धत नवी नाही. सातबाऱ्यावर फेरफार धरला की तलाठी चावडीवर नोटीस लावतो आणि हरकतीसाठी १५ दिवस देतो. ‘मला हा व्यवहार पसंत नाही’ अशी हरकत तिथे चालत नाही, हक्काचा मुद्दा दाखवावा लागतो. इथेही तसंच आहे. ‘आमची जात वेगळी’, ‘आम्हाला न विचारता’, ‘मुलाला नोकरी नाही’ असल्या हरकतींना काडीची किंमत नाही. वय, आधीचं चालू लग्न, मानसिक असमर्थता, मनाईतलं नातं, एवढ्यावरच हरकत घेता येते. अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा. त्याने हरकत मान्य केली तर पुढच्या ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. उगाच खोडा घालायला हरकत घेतली असेल तर हरकतदाराकडून एक हजार रुपयांपर्यंत भरपाई वसूल करण्याची तरतूदही आहे. रक्कम १९५४ च्या काळातली आहे, आज ती ऐकून कोणी घाबरणार नाही.

घात हरकतीमुळे क्वचितच होतो. नोटीस कोणीतरी वाचतं आणि त्यामुळे होतो. कार्यालयाबाहेर एजंट बसलेले असतात, त्यांच्या फोनमध्ये फळ्याचे फोटो असतात. त्यात कलम ६ मध्ये एक गोष्ट दडलेली आहे. मुलगा चाकणला कंपनीत आहे म्हणून नोटीस पुण्यात दिली आणि त्याचा कायमचा पत्ता बीड जिल्ह्यातला असला, तर नोटिशीची प्रत बीडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फळ्यावरही लागते. ‘लांब जाऊन नोटीस दिली म्हणजे गावाला कळणार नाही’ हा हिशेब इथे चुकतो. मात्र घरच्या पत्त्यावर पत्र पाठवावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कोणी कारकून तसं करू लागला तर लेखी आक्षेप घ्यावा.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही नोटीस फळ्यावर लावणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं, ते मोबाईलवर बरंच फिरलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही. आपल्याकडे नोटीस लागणारच असं धरून चाला आणि त्या ३० दिवसांत दोघांनी कुठे राहायचं ते आधी ठरवा. भाडेकरार किंवा कंपनीचं पत्र वास्तव्याचा पुरावा म्हणून आधीच काढून ठेवा.

आळंदी, आर्य समाज आणि पाचशेचा स्टँप

घाईचं लग्न म्हटलं की आळंदी. तिथे विधीसह लग्न लावून देणाऱ्यांची मोठी सोय आहे आणि त्यात बेकायदा असं काही नाही. प्रश्न येतो तो विधीचे फोटो न काढता नुसतं प्रमाणपत्र घेऊन परतण्यात. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात विधी झालाच नसेल तर संस्थेचं प्रमाणपत्र किंवा नोंदणीचा कागद लग्न सिद्ध करत नाही. म्हणून होम पेटलेला, हार घातलेले, भटजी किंवा भंतेजी समोर बसलेले असे फोटो हवेतच. सलग व्हिडिओ असला तर आणखी चांगलं. त्यात साक्षीदारांचे चेहरेही दिसू द्या.

आर्य समाजाच्या लग्नाचंही तेच. विधी झाला असेल तर लग्न वैध, नुसत्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नये.

पाचशेच्या स्टँपवर नोटरीसमोर ‘विवाह करारनामा’ केला तर ते लग्न होतच नाही. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकार नाही. तालुक्याच्या कोर्टाबाहेर दोन-तीन हजारांत हा कागद करून देणारे भेटतात, आणि जोडपं आपलं लग्न झालं असं समजून राहतं. पुढे मुलगी घरच्यांच्या ताब्यात गेली की मुलाच्या हातात नवरा असल्याचा एकही कागद नसतो. अशा जोडप्यांनी लगेच विधीसह लग्न करून नोंदणी करावी.

नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. लग्नापासून ९० दिवसांत विवाहाचं ज्ञापन, म्हणजे नोंदणीचा फॉर्म, भरून तीन साक्षीदारांसह निबंधकापुढे हजर व्हायचं. उशीर झाला तर दंड भरून होते. गावात हा निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात नगरपालिका किंवा महापालिकेचं कार्यालय. इथे अक्कल वापरायची. मुलाच्या गावच्या ग्रामपंचायतीत फॉर्म भरला की चहा होईपर्यंत बातमी मुलीच्या गावात पोचलेली असते. जिथे दोघं राहायला गेलात तिथल्या शहरात नोंदणी करा. साक्षीदारही गावातले नकोत. फॉर्मवर त्यांचा पत्ता आणि सही राहते आणि पहिला मोर्चा त्यांच्याच दारात जातो.

घरच्यांनी मिसिंग दिली, आता लपायचं का?

लपायचं नाही. जोडपी हमखास इथे चुकतात. फोन बंद, मित्राची खोली, मग दुसऱ्या मित्राची खोली. तोवर ठाण्यात हरवल्याची नोंद झालेली असते, एखाद्या वेळी अपहरणाचा गुन्हाही दाखल होतो, आणि पोलिसांच्या दृष्टीने हे जोडपं शोधायची माणसं होऊन बसतं. मुलाचा भाऊ, मित्र, गाडी देणारा मावसभाऊ, सगळे ठाण्यात बसवले जातात.

जाण्याआधी किंवा गेल्या दिवशीच दोन अर्ज तयार ठेवा. एक मुलीच्या हस्ताक्षरात: मी सज्ञान आहे, माझी जन्मतारीख अमुक, मी माझ्या मर्जीने घर सोडलं आहे, मला अमुक-अमुक लोकांपासून धोका आहे. खाली सही, अंगठा, फोटो आणि वयाच्या पुराव्याची प्रत. दुसरा दोघांचा मिळून, संरक्षणासाठी. दोन्ही अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा, जमलं तर आवक विभागात देऊन प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच फार कामाची आहे. उद्या तुम्ही कुठे आहात हे पोलिसांना माहीत नव्हतं, असं कोणाला म्हणता येत नाही.

आपल्याच तालुक्याच्या ठाण्यात जायला हवं असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि तो मग संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. मारहाण झाली, धमकी आली तर जिथे आहात तिथेच नोंदवा. मुलीचा जबाब महत्त्वाचा, आणि तो नुसता हवालदाराच्या वहीत नको. त्याच संहितेच्या कलम १८३ खाली दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवण्याची लेखी मागणी करा. तिथे ती घरच्यांविना बोलते आणि तो जबाब नंतर सहजासहजी फिरवता येत नाही.

घरचे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस दाखल करतात, म्हणजे ‘आमची मुलगी कोणीतरी डांबली आहे, तिला हजर करा’ असा अर्ज. नाव ऐकून जोडपी हादरतात. खरं तर त्यांच्यासाठी ही संधीच असते. न्यायमूर्ती मुलीला विचारतात, ती सज्ञान असल्याचं आणि मर्जीने आल्याचं सांगते आणि बहुधा प्रकरण तिथेच निकाली निघतं. उलट मुलीला घरी कोंडलं असेल तर मुलालाही हाच अर्ज करता येतो.

पोलीसच घरच्यांना बोलावतात, मग?

ही तक्रार खोटी नाही. जोडपं ठाण्यात गेलं की ‘बसा, आई-वडिलांना बोलावतो, समजुतीनं घेऊ’ असं होतं. तासाभरात बाहेर चार जीप उभ्या. म्हणून ठाण्यात दोघंच कधी जाऊ नका, वकील बरोबर असू द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. तिथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००. तातडीच्या धोक्यात ११२, महिलांसाठी १८१.

पोलिसांना सांगायला तुमच्याकडे एक भक्कम आधार आहे. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर कामं नेमून दिली आहेत. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि २४ तास चालणारी हेल्पलाइन हवी. धोक्याची तक्रार आली की वरिष्ठ अधिकाऱ्याने चौकशी करायची. जोडप्याला सुरक्षित निवारा द्यायचा, आधी एक महिना आणि धोका बघून वर्षभरापर्यंत, तोही नाममात्र पैशांत. लग्न व्हायचं असेल तर पोलीस बंदोबस्तात लावून द्यायचं. कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई. महाराष्ट्राच्या गृह विभागानेही २०२४ च्या अखेरीस या धर्तीवर जिल्ह्यांना सूचना दिल्या. प्रत्येक जिल्ह्यात हा निवारा सारख्याच तयारीत असेल या भरवशावर राहू नका, पण अर्जात ‘सुरक्षित निवारा’ हे शब्द आणि निकालाची तारीख लिहा. तोंडी विचारलं की ‘तसलं काही नाही इथं’ म्हणून वाटेला लावणारा माणूस लेखी अर्जावर तसा शेरा मारायला कचरतो.

सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध आई-वडिलांच्या ताब्यात देता येत नाही. तिच्या मर्जीविरुद्ध महिला वसतिगृहात ठेवणंही बसत नाही.

इतकं असूनही अशा लग्नांवरून होणाऱ्या हत्यांसाठी देशपातळीवर वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०१२ च्या २४२ व्या अहवालात मसुदा दिला होता, तो संसदेत कायदा झाला नाही. गुन्हा खुनाच्याच कलमाखाली चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये एक भर पडली आहे: पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी. चार जण असतील तर हे पोटकलम लागत नाही, साधं खुनाचं कलम लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर इतरांकडून हल्ला झाला असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. एफआयआर लिहितानाच तो नमूद होतोय का हे पाहावं, मागाहून कलम वाढवून घ्यायला महिने जातात.

गावाने वाळीत टाकलं तर?

जोडपं निघून जातं, मागे मुलाचे आई-वडील राहतात. किराणा बंद, पीठ दळायला नाही, मजुरीला कोणी बोलवत नाही, लग्नपत्रिका देणं बंद, विहिरीच्या पाळीत खोडा. जातपंचायत असेल तर दंड लावते आणि ‘समाजात घेण्याचे’ पैसे मागते.

महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा २०१६ चा हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला आणि त्याला फूस देणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अडचण पुराव्याची. ‘आम्ही कोणाला काही म्हणालो नाही, ज्याची त्याची मर्जी’ असं गाव एका सुरात सांगतं. म्हणून दुकानदाराने नकार दिला त्याची तारीख, वेळ, समोर कोण होतं हे वहीत लिहीत जा. बैठकीचा निरोप व्हॉट्सअपवर आला असेल तर पुसू नका. दंड भरला असेल तर किती, कोणाच्या हातात, कुठे बसून, तेही लिहा. नुसतं ‘गावाने बहिष्कार टाकला’ एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही, माणसांची नावं लागतात.

‘झालं गेलं सोडा, घरी या’

या भागाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. लग्न होतं, नोंदणी होते, महिना-दोन महिने जातात. मग फोन येतो. ‘आईनं अन्न सोडलंय. बापाचं बीपी वाढलंय. लेकरा, गावात रीतसर लावून देऊ, आहेर करू, एकदा तोंड दाखवून जा.’ फोन खराही असू शकतो. पुष्कळ घरं वर्षाभराने, नातू झाल्यावर वितळतात हेही तितकंच खरं. पण हाच फोन सापळा ठरल्याचीही प्रकरणं आहेत. आणि खरा-खोटा ओळखायची युक्ती कोणाकडेही नाही, म्हणून मन ओळखत न बसता भेटीची पद्धत ठरवावी.

पहिली भेट गावात नाही, शेतात तर नाहीच. जिल्ह्याच्या ठिकाणी, वर्दळीच्या जागी, दिवसा. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मध्यस्थासमोर झाली तर सगळ्यात बरी. मुलीने एकटीने जायचं नाही आणि मुलाने तिला एकटं पाठवायचं नाही. संरक्षणाचा अर्ज दिला असेल तर भेटीची तारीख आणि जागा त्याच ईमेलवर आधी कळवून ठेवा. भावाने ‘गाडीत बस, घरी जाऊन येऊ’ म्हटलं तर नाही म्हणा. ज्याला खरंच समेट करायचा आहे तो शहरातल्या हॉटेलात चहा प्यायला येतोच. येत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. आईच्या आजारपणाचा निरोप असेल तर कोणत्या दवाखान्यात आहे ते विचारा आणि दवाखान्यात फोन करून खात्री करा. निर्दयपणा वाटेल, तरी करा.

जमीन, जात आणि लेकरं

‘तुला आता छदाम मिळणार नाही’ ही धमकी बहुतेक वेळा पोकळ असते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने मुलाइतकाच हिस्सा आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. वेगळ्या जातीत लग्न केल्याने तो जात नाही. विशेष विवाह कायद्याने परधर्मीयाशी लग्न केलं तर हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जातो, पण त्याचा वाटा त्याच्याकडेच राहतो. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, तिथे काही करता येत नाही. विरोधाच्या मुळाशी जातीइतकीच जमीनही असते. हिस्सा परक्या जातीच्या घरात जाईल ही भीती उघड कोणी बोलत नाही इतकंच.

आंतरजातीय विवाहाला सरकार ५० हजार रुपये देतं, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात. जोडप्यातला एक जण अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातला असावा लागतो. मराठा-माळी जोडप्याला ही मदत नाही. अर्जाला दोघांचे जातीचे दाखले आणि नोंदणी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे पाचशेचा स्टँप इथेही उपयोगाचा नाही.

लग्नाने बायकोची जात बदलत नाही, जन्माची तीच राहते. लेकरांची जात सहसा वडिलांची धरली जाते, पण २०१२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की हे गृहीतक पुराव्याने खोडता येतं: मूल आईच्या समाजात वाढलं आणि त्या समाजाचे चटके त्याने सोसले हे दाखवता आलं पाहिजे. जात पडताळणी समितीसमोर हे दाखवणं कटकटीचं असतं. मुलाच्या शाळाप्रवेशाच्या पहिल्याच दिवशी फॉर्मवर जातीच्या रकान्यात काय लिहायचं हे नवरा-बायकोने आधी ठरवावं.

आणि समेटाच्या बैठकीत कोणी ‘आता सगळं मिटलं, फक्त एवढी सही कर’ म्हणून कागद पुढे केला तर तो वाचल्याशिवाय पेन उचलू नये. तो बहुधा हक्कसोड पत्र असतो. हिस्सा सोडणारं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं आणि नोंदलेलं हक्कसोड रद्द करून घ्यायचं तर दिवाणी दावा लढावा लागतो. सही करायचीच असेल तर प्रत घरी आणा, स्वतःच्या वकिलाला दाखवा आणि पुढची तारीख घ्या.